हातमोज्याविना

रावपुऱ्यात राहणाऱ्या निरुपमा जगताप बडोद्याच्या एका प्रयोगशाळेत आयनस्रोत बनवतात. काही किरणोत्सारी अणू जन्मले की काही सेकंदांतच त्यांतले निम्मे नाहीसे होतात. त्याआधी त्यांना पांढऱ्याशुभ्र तापलेल्या धातूच्या नळीतून नेऊन विद्युतभार द्यायचा आणि बाहेर खेचायचं. मग चुंबकाने ते वेगळे काढता येतात, अभ्यासता येतात. त्या नळीवर निरुपमाबाईंची बरीच वर्षं गेली.

मागच्या हिवाळ्यात तपासणी समिती आली. चाचणी साध्या, टिकाऊ रुबिडियमवर होती. पडद्यावर मात्र सोडियम आणि पोटॅशियमच उसळलं. रुबिडियम नावालाच आलं. नळीला कुणाचा तरी उघडा हात लागला होता. घामातलं मीठ तेवढ्याला पुरतं.

"उत्कर्षा, हातमोजे घातले नव्हतेस?" निरुपमाबाईंनी आपल्या तरुण सहकारिणीला सगळ्यांसमोर विचारलं.

"घातले होते, मॅडम."

"मग हे मीठ आकाशातून पडलं?"

समितीतलं कुणीतरी हसलं. उत्कर्षाचे कान लाल झाले. आणि तेव्हाच निरुपमाबाईंना आठवलं. सकाळी झाकण बसवण्याआधी नळी जराशी कलती वाटली म्हणून त्यांनी स्वतःच ती अंगठ्याने सरळ केली होती. सेवउसळ खाऊन घाईघाईत आल्या होत्या, हातमोजे घातलेच नव्हते.

त्या बोलणार होत्या. पण अध्यक्ष म्हणाले, "चालायचंच, तरुण माणसं अशीच शिकतात," आणि निरुपमाबाईंनी मान डोलावली.

घरी नवऱ्याला, नारायणरावांना, सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "तिला फोन केलास?" केला नव्हता. ताटावरून त्या तशाच उठल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अध्यक्षांना फोन करून चूक आपली असल्याचं सांगितलं. मग गटातल्या सगळ्यांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर तेच सांगितलं. उत्कर्षा खाली बघत होती.

"वांधा नाही, मॅडम," ती शेवटी म्हणाली. "पण काल बोलायला हवं होतं. ते सगळे इथे होते तेव्हा."



नळी तापवून स्वच्छ केली, पुन्हा घेतलेली चाचणीही पार पडली. पुढे त्याच स्रोतातून अल्पायुषी रुबिडियमचे अणू हाती आले. शोधनिबंधावर उत्कर्षाचं नाव पहिलं आहे, आणि काम खरोखर तिचंच होतं. तोवर ती दुसऱ्या शहरात नोकरीला निघाली होती. निरोपाला तिने वासणा भागातल्या आपल्या घरी सगळ्यांना बोलावलं, निरुपमाबाईंनाही. त्या गेल्या, पण पेढे दारातच तिच्या हाती देऊन परतल्या. आत जाऊन बसायचा धीर झाला नाही.