बाईसाहेबांचं दार

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत की स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला खाली ती चौकोनी खिडकी कसली. ती खिडकी नाही, मांजरीचं दार आहे. त्या दिवशी आवाज तुटत होता, आणि हे तुटक सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहून पाठवते.

मांजरी आपल्याकडे आली तेव्हा ओंजळीत मावेल एवढी होती. मागच्या अंगणात पाण्याच्या ड्रमामागे सापडली. आजोबांनी तिला पहिल्या दिवसापासून ‘बाईसाहेब’ म्हणायला सुरुवात केली आणि ती तशीच वागू लागली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती मनाला येईल तेव्हा जायची, यायची. मागच्या वर्षी गल्लीत डेंग्यू आला. आपल्याकडे नळाला आठवड्याने पाणी, घरोघर ड्रम भरलेले, डास होणारच. आम्ही सगळ्या खिडक्यांना जाळ्या बसवून घेतल्या. डास थांबले आणि बाईसाहेबांचा रस्ताही बंद झाला. मग ती मागच्या दाराशी बसून ओरडायची आणि आजोबा उठून दार उघडायचे. आत घ्यायला एकदा, बाहेर सोडायला एकदा, असं दिवसातून दहा वेळा. मला ते दिसत होतं, पण त्यांना तेवढंच चालणं होतं, म्हणून मी काही बोलले नाही.

ह्या पावसाळ्यात त्याच दारात ते घसरले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन व्यवस्थित झालं, हे तुम्हाला माहीत आहे. जे तुम्हाला सांगितलं नव्हतं ते असं की घरी आल्यावर डॉक्टरांनी सहा आठवडे एकट्याने उठायला सक्त मनाई केली होती, आणि मांजरी ओरडली की आजोबांचा पाय पलंगावरून खाली यायचाच. दोनदा मी अंघोळ करून बाहेर आले तर हे खोलीच्या मधोमध, वॉकर पलंगाशीच राहिलेला. दार उघडं टाकावं तर डास आणि गल्लीतली कुत्री. तिला आत कोंडावं तर ती दार ओरबाडायची.

तुमचा मामा पुण्याहून आला, त्याने हे एकदा डोळ्यांनी पाहिलं आणि सरळ सांगितलं, "आई, आता मांजर किंवा बाबांचा पाय, दोन्ही नाही जमणार." फर्दापूरच्या रस्त्याला त्याच्या मित्राचं शेत आहे, गोदामात उंदीर भरपूर. पंधरा दिवसांनी रविवारी येतो आणि तिला तिकडे सोडतो, असं ठरवून तो गेला. तो चुकीचं बोलत नव्हता. आजोबा फक्त "बरं" म्हणाले आणि भिंतीकडे वळून पडले. पंचावन्न वर्षांच्या संसारात ते वाद न घालता "बरं" म्हणाले आहेत ते मोजकेच प्रसंग. मी त्या दिवशीच वही काढली.

परदेशात मांजरींसाठी दारात छोटं दार बसवतात हे मी वाचलेलं होतं. माझे वडील उर्दू शाळेत शिकले, पण मला त्यांनी हट्टाने इंग्रजी शाळेत घातलं. तिथे लागलेली वाचायची सवय म्हातारपणी अशी उपयोगी पडते. आधी गुलमंडीच्या बाजारात विचारून पाहिलं. एका दुकानदाराने पोपटाचा पिंजरा दाखवला, दुसऱ्याने उंदराचा. तिसरा म्हणाला, "आजी, मांजरीला वेगळं दार? आमच्या घरात सुनेला वेगळी खोली नाही." मग शेजारच्या मुलीला बसवून फोनवर शोधलं. चार प्रकार निघाले. एक बॅटरीवर चालणारं. मांजरीच्या कातडीखाली चिप बसवायची, म्हणजे फक्त तिलाच उघडतं. त्यावर मी लगेच काट मारली, कारण बाईसाहेबांना इंजेक्शन देणारा डॉक्टर अजून जन्मायचा आहे. एकाला नुसतं कापड होतं. त्यातून डास सुखाने आले असते. राहिली दोन. त्यातलं पांढऱ्या चौकटीचं, पारदर्शक झडपेचं, झडप मिटली की चुंबकाने घट्ट बसणारं मी मागवलं. सोबत आलेल्या कागदावर सात भाषांत सूचना होत्या. त्या मी दोनदा वाचल्या. मांजरीच्या पोटाची जमिनीपासून उंची मोजा, असं त्यात होतं. ती दूध पिताना मी टेप लावली, ती दूध सोडून निघून गेली. पण आकडा मिळाला.

मग मिस्त्रींना बोलावलं. हे सुतार जुन्या शहरातले, वय सत्तरीच्या आसपास, पांढरी दाढी. आपल्या घराची दारं गेली वीसेक वर्षं तेच दुरुस्त करतात. मी त्यांच्यापुढे वही ठेवली. सगळी मापं, दाराचं चित्र, कुठे कापायचं तिथे लाल पेन्सिलीने खूण. त्यांनी ती मन लावून पाहिली, वही मिटून परत दिली आणि विचारलं, "बिल्ली किधर है?"

मी म्हटलं, तिची मापं लिहिलेली आहेत.

"मॅडम, लिहिलंय ते बरोबरच असेल. पण ज्याचं दार त्याला बघितल्याशिवाय मी करवत काढत नाही."

ते अर्धा तास अंगणात बसले. पिशवीतून एकही हत्यार काढलं नाही. मांजरी भिंतीवरून उतरली, त्यांच्या चपला हुंगल्या, मागच्या पायरीवर चढून ओरडली. मग ते उठले आणि मला बाहेर बोलावलं. आपल्या मागच्या दाराला उंबरा आहे आणि उंबऱ्याबाहेर एकदम वीतभर खाली पायरी. मी उंची मोजली होती ती आतल्या फरशीपासून. बाहेरून ते भोक मांजरीच्या डोक्याच्याही वर गेलं असतं.

"तुमचं माप आतून एकदम करेक्ट आहे," ते म्हणाले. "पण ती बाहेरून येते."

जन्मभर मी मुलांच्या वह्यांतल्या चुका काढल्या. माझी चूक इतक्या सभ्यपणे कुणी काढली नव्हती.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी आजवर कुठल्याही सूचनापत्रकात वाचलेलं नाही. ज्या खोक्यातून झडप आली होती ते खोकं त्यांनी उलगडून सपाट केलं, माझ्या मापाचं भोक त्यात कापलं आणि पुठ्ठा उघड्या दारात उंबऱ्याला टेकवून दोन विटांनी उभा केला. पलीकडे बशीत सुकट ठेवली. मांजरीने भोकात डोकं घातलं आणि मागे घेतलं. मिस्त्रींनी दोन्ही बाजूंनी बोटभर वाढवलं. पुन्हा तेच. आणखी अर्धं बोट. ह्या वेळी ती आरपार गेली. "मिशीनं नापते ती," त्यांनी मला समजावलं. "मिशी अडली नाही तर अंग अडत नाही, असा तिचा हिशेब." नशिबाने मी मागवलेल्या झडपेचं भोक तेवढंच होतं. नाहीतर त्यांनी ती परत पाठवायला लावली असती, ह्यात मला शंका नाही. पुठ्ठा दोन दिवस तसाच ठेवायला सांगून ते गेले. दिवसा मी दाराशी राखण करायचे, अंधार पडला की दार लावून घ्यायचे. त्या दोन दिवसांत बाईसाहेब त्यातून इतक्या ऐटीत ये-जा करू लागल्या की आजोबांनी मला त्यांचा पलंग दार दिसेल असा वळवायला लावला.

शुक्रवारी नमाजानंतर मिस्त्री खरं काम करायला आले. दार सागवानी, खालची फळी अखंड. ती कापायची म्हणून मीच मनातून खट्टू होते. त्यांनी कापलीच नाही. कडेच्या पट्ट्या एकेक करून सोडवल्या, फळी सबंध बाहेर काढली, पुढे कधी परत बसवता यावी म्हणून तिच्या मागे पेन्सिलीने उर्दूत काहीतरी खूण केली आणि तिच्या जागी प्लायवूडची फळी बसवून भोक तिला पाडलं. बाहेरच्या बाजूला दोन विटांचा ओटा केला. झडप बसवून झाल्यावर बोटाने ढकलून ती पंधरा-वीस वेळा हलवून ऐकली. हो, ऐकली. आवाज मोठा झाला तर मांजर दचकेल, म्हणून चौकटीच्या आत रबराची पातळ पट्टी लावली. ती पट्टी त्यांच्या पिशवीतच होती. ह्या माणसाच्या पिशवीत काय नसतं, कोण जाणे.

ते गेल्यावर संध्याकाळी आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशी आल्या. दार पाहून त्यांनी आधी तोंडाला पदर लावला, मग एकदम गंभीर झाल्या. "आजी, घराला नवं दार पाडलं, अन् तसंच मोकळं ठिवायचं व्हय?"

मी म्हटलं, अहो, मांजरीचं आहे.

"बारकं हाय म्हून काय झालं. दार ते दारच."

मलाही ते पटलं. आपली पहिली स्कूटर आली, पहिला फ्रिज आला, तेव्हा आपण तेच केलं होतं. मावशींनी झडपेला हळदकुंकू लावलं, लिंबू कापून कुंकू माखलेल्या दोन फोडी विटांवर दोन बाजूंना ठेवल्या आणि झडपेच्या चौकटीवर सात मिरच्या नि लिंबू दोऱ्याने बांधलं. लिंबं फ्रिजमधून मीच काढून दिली, हे मी लपवणार नाही.

त्या संध्याकाळी मांजरी ओट्यावर आली, नाक पुढे केलं आणि वळून गेली. शनिवारी सकाळी तेच. दुपारी ती पुन्हा बंद दाराशी बसून पूर्वीसारखी ओरडू लागली आणि मी कपडे वाळत घालून येते तो आजोबा पलंगाच्या कडेला, दोन्ही पाय खाली, एक हात वॉकरवर. मी त्यांना परत झोपवलं. ते म्हणाले, "राहू दे आता. उद्या तिला घेऊन जाऊ दे त्याला." आणि ह्या वेळी ते भिंतीकडेही वळले नाहीत, नुसते वर पाहत राहिले.

मी सूचनापत्रक तिसऱ्यांदा वाचलं. चुंबक सैल केला, बिजागरीला तेल दिलं. काही उपयोग नाही. शेवटी मिस्त्रींना फोन केला. दिवस मावळायच्या आत ते आले. झडपेला हात न लावता आधी अंगणात गेले, गुडघे टेकले, आणि मग त्या वयात, स्वच्छ पांढऱ्या कुडत्यात, चक्क फरशीवर आडवे झाले. गाल विटांना लावून त्यांनी मांजरीसारखा वास घेतला.

"मॅडम, इथं कुणी लोणचं घातलंय का?"

मावशी भांडी घासत होत्या, त्या तिथूनच म्हणाल्या, "नजर लागू नये म्हून बांधलंय. तुमचं काम लई चांगलं झालं, लागली असती तर त्यालाच लागली असती."

मला वाटलं, आता हे हसतील किंवा चिडतील. दोन्ही झालं नाही. ते उठून बसले, दाढीवरून हात फिरवला. "सही बात है मावशी. पण नजर लावणार कोण? माणूसच ना? माणूस चालताना इतका खाली कुठं बघतो? निंबू वर पाहिजे, मोठ्या दाराच्या चौकटीला, जिथं माणसाची नजर जाते. खाली फक्त मांजरीचं नाक येतं, आणि तिला आंबट चालत नाही."

मावशींनी हातातलं पातेलं खाली ठेवून विचार केला. "व्हय, ते बी खरंय. पण वर माझा हात पुरायचा नाय."

तेव्हा मिस्त्री स्वतः स्टुलावर चढले आणि त्या लिंबू-मिरच्या त्यांनी दाराच्या चौकटीच्या वर बांधल्या. नुसत्या बांधल्या नाहीत. खिशातून टेप काढून मधोमध आहेत का, तेही पाहिलं. मग खाली बसून झडप, चौकट, विटा साध्या पाण्याने तीनदा पुसल्या. आजोबांच्या अंगावरचा पंचा मागून घेतला आणि झडपेच्या कडांना चोळला. झडप सुतळीने अर्धी वर बांधली आणि मला सांगितलं, दर तासाने दोन बोटं खाली सोडा. "तिला आता दार बघायचं नाही. साहेब आत आहेत का, तेवढंच बघायचं आहे." चहा ठेवते म्हटलं तर मगरिबच्या नमाजाची वेळ झाली म्हणून निघाले.

मी घड्याळ लावून सुतळी सोडत गेले. जेवणं होईपर्यंत झडप पुरती खाली आली होती. मांजरी बाहेर गेली होती ती डोक्याने झडप ढकलून आत आली, शेपटी अडकू नये म्हणून क्षणभर थांबली आणि थेट पलंगावर गेली. आजोबा म्हणाले, "या बाईसाहेब."

रविवारी सकाळी तुमचा मामा वेताची टोपली घेऊन आला. मी त्याला दार दाखवलं, मिस्त्रींचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, दार छानच झालंय. पण मला दार नाही बघायचं." जेवण झाल्यावर त्याने खुर्ची घेतली आणि आजोबांच्या पायथ्याशी बसला. मांजरी बाहेर गेली, आली. पुन्हा गेली, आली. प्रत्येक वेळी झडप वाजली की तो चादरीखालच्या पायांकडे पाहत होता. पाय हलले नाहीत. तिसऱ्यांदा ती बाहेर गेली आणि बराच वेळ आलीच नाही. अंगणातून तिचा आवाज आला. एकदा ओरडली, दोनदा ओरडली, मग झडप उचलली गेली आणि ती आत आली.

मामाने वाकून पाहिलं. आजोबा गाढ झोपले होते. दवाखान्यातून आल्यापासून दुपारी त्यांचा डोळा लागला नव्हता, कारण कान सतत त्या दाराकडे. मामा हळूच उठला, पंख्याचा वेग एकने कमी केला, रिकामी टोपली उचलून बाहेर ठेवली आणि मला कुजबुजत विचारलं की मिस्त्रींचं घर कुठे आहे, जाता जाता त्यांना भेटून जाईन म्हणतो.