उत्तरेश्वर आणि सडकेवरचं आडवं लाकूड

सोलापूर-हैदराबाद सडक पक्की झाली तेव्हा आमच्या गावाला वाटलं, आता सोलापूर जवळ आलं. मग वेशीवर करोडगिरीचा, म्हणजे निजामाच्या जकातीचा, नाका बसला आणि सोलापूर पुन्हा होतं तिथं गेलं. इंग्रजी मुलखातून निजामाच्या हद्दीत शिरणारी गाडी बैलांची असो की मोटार, तिनं थांबायचं, कर भरून मुन्शीकडून उर्दू पावती घ्यायची, आणि मगच नाक्याच्या शिपायानं, म्हणजे आमच्या उत्तरेश्वरनं, आडवं लाकूड वर करायचं. उत्तरेश्वरला उर्दू सोडा, कुठलंच अक्षर येत नव्हतं. तो पावती उलटसुलट करून शिक्का बघायचा. शिक्का दिसला की सरकार राजी, अशी त्याची समजूत.

खाकी सदरा अंगावर आल्यापासून माणूस पार बदलला. त्याची बायको पाणवठ्यावर म्हणायची, "एक दिस मलाच दारात अडवून पावती मागतील बघा."

धुरपदाबाईच्या लेकीच्या लग्नात तर त्यानं कमाल केली. मुन्शी जेवायला गेला होता, म्हणून अख्खं वऱ्हाड उन्हात उभं केलं. सकाळचा मुहूर्त हुकला, लग्न गोरजावर लागलं आणि स्वयंपाक दोनदा रांधावा लागला. वरून उत्तरेश्वरच म्हणाला, "धुरपदाबाई, माझी लेक असती तरी म्या हेच केलं असतं."

धुरपदाबाईनं हे वाक्य जपून ठेवलं.

पुढच्या सालच्या वैशाखात उत्तरेश्वरच्या महानंदाचं लग्न निघालं. नवरा पलीकडच्या, इंग्रजी मुलखातला. त्या दिवशी मुन्शीला कामासाठी नळदुर्गला जावं लागलं. "वऱ्हाड यायच्या आत सायकलवर परततो," असं तो सांगून गेला, आणि उत्तरेश्वरही निर्धास्त राहिला. दोघंही इथलेच. वऱ्हाड वेळेवर येईल, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

ते वेळेवर आलं.

उत्तरेश्वर पूजेचं ताट घेऊन वेशीवर गेला. लाकडापलीकडं गाड्यांची रांग. नवऱ्याचा मामा बब्रुवान पुढच्या गाडीतून ओरडला, "व्याही, लाकूड काढा!"

"पावती?"

"आवं, तुमच्याच लेकीच्या लग्नाला आलोय की!"

"मुन्शी येईस्तोवर गाड्या ऱ्हाऊ द्या तिथंच. तुम्ही खाली उतरा, वाकून या. माणसाला कर न्हाय, गाडीला हाय."

"नवरदेव सासुरवाडीच्या वेशीत वाकत नसतो," मामा म्हणाला. "लाकूड न्हाय निघालं तर गाड्या वळवतो. मग बसा नाक्यासंगट."

ही धमकी खोटी नव्हती. मागच्या गाडीवाल्यानं बैल वळवायला सुरुवातही केली. उत्तरेश्वरनं ताट खाली ठेवलं. त्याचा हात लाकडाकडं गेला. तेवढ्यात त्याला कडुनिंबाखाली धुरपदाबाई दिसली.

"उचला की आप्पा," ती म्हणाली. "म्या डोळं मिटते."

चटका बसल्यागत हात माघारी आला. गावातले लोक एव्हाना मांडव सोडून नाक्यावर जमले होते. कुणी विनवण्या केल्या, कुणी शिव्या घातल्या. उत्तरेश्वर नुसता लाकडाला पाठ लावून उभा.

शेवटी धुरपदाबाईलाच राहवलं नाही. पोरीचा मुहूर्त टळला की आईचं काय होतं, हे तिला ठाऊक होतं. ती तरातरा मांडवात गेली आणि भटजींसकट महानंदाला घेऊन आली. "लावा हितंच लगीन. त्यो तिकडं, ही हिकडं. मधल्या लाकडावर धरा अंतरपाट."

नवरदेव गाडीतून उतरला, वाकला मात्र नाही. मंगलाष्टकं झाली. अंतरपाट निघाला, लाकूड राहिलं. माळा लाकडावरूनच घातल्या.

"आता होमासाठी मांडवात चला," भटजी म्हणाले. नवरदेवानं मामाकडं बघितलं, मामानं आभाळाकडं. तेव्हा महानंदानं शालूचा पदर आवरला, लाकडाखालून वाकून पलीकडं गेली आणि नवऱ्याच्या गाडीत जाऊन बसली.

"मुन्शी येईस्तोवर आमी हितंच हाव, आबा," ती म्हणाली. बापाकडं तिनं बघितलं नाही.

मुन्शी आला, पावत्या फाडल्या, लाकूड वर गेलं. मांडवातलं जेवण गार झालं होतं, पण लोकांनी चवीनं खाल्लं. बोलायला विषय होता.

दिवाळीला महानंदा पहिल्यांदा माहेरी आली. दुपारची वेळ, मुन्शी नाक्याच्या खोलीत झोपलेला. उत्तरेश्वरनं इकडंतिकडं बघितलं. धुरपदाबाई कुठं दिसत नाही याची खात्री केली आणि कुणी न सांगता लाकूड वर केलं.

गाडी हलली नाही.

"पावती, आबा?"

"चल गं. कोण बघतंय?"

"माझ्या लग्नात न्हाय उचललं तुम्ही. आता बी नगं."

त्यानं लाकूड हळूच खाली आणलं. ती गाडीतून उतरून लाकडाशी येऊन बसली, तो अलीकडं टेकला. सासूचा स्वभाव, आईचं गुडघं, नव्या बैलाची खोड, सगळं बोलून झालं. मुन्शी फार वेळ झोपला त्या दिवशी. त्याला हाक मात्र दोघांपैकी कुणीच मारली नाही.