होळीला आणि दिवाळीला येणारे अण्णा

नवंकोरं सामान तराजूत घालून पाहणारा संगणकवाला मी मंठ्यात पाहिला. मी पहिल्यांदा दुकानात गेलो तेव्हा रंगनाथअण्णा एका सीलबंद खोक्यातून पॉवर सप्लाय काढून भाजीवाल्याच्या ताजव्यात ठेवत होते. दुसऱ्या पारड्यात तेवढ्याच ताकदीचा, पण जुना आणि जळालेला सप्लाय होता. नव्याचं पारडं वर गेलं. अण्णांनी तो उचलून नाकाशी धरला, वास घेतला, पुन्हा खोक्यात घातला आणि खोक्यावर पेनाने मोठी फुली मारली. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "आत तांबं कमी घातलंय. खोक्यावर लिहिलेलं खोक्यापुरतं असतं, सर."

मी सर आहे हे त्यांना कसं कळलं, असं मी विचारलं. माझ्या खिशाला दोन पेनं होती, आणि मी चप्पल दुकानाबाहेर काढून आलो होतो, एवढं त्यांनी पाहिलं होतं.

अण्णा मूळचे आष्टीचे. घरची शेती भावाकडे ठेवून ते पंपाच्या मोटारी भरायचे, म्हणजे जळालेल्या मोटारीची तार काढून नवी गुंडाळायचे. पुढे त्याच हातांनी संगणक जोडायला लागले. मोटार जळायच्या आधी वास सोडते आणि माणसं मात्र जळाल्यावरच येतात, असं ते म्हणायचे. त्यांचा विश्वास कशावरच नव्हता. कंपनीवर नव्हता, विजेवर नव्हता, गिऱ्हाइकावर तर नव्हताच. कुठलीही गोष्ट झाली की ते दोनदा विचारायचे. "बराबर?" आणि तुम्ही हो म्हणालात की पुन्हा, "बिलकुल बराबर?"

मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालो होतो. माझ्या गावच्या, टेंभुर्णीच्या वाचनालयातली जुनी पुस्तकं वाळवीने पोखरत आणली होती. ती थोडी थोडी घरी आणून पानांची चित्रं संगणकात घ्यायची, डाग पुसायचे, अक्षर ठळक करायचं, असं काम मी अंगावर घेतलं होतं. काही पुस्तकांची पानं उलटताना तुटायची. ती एकदाच उलटता येणार होती. हे सगळं ऐकून अण्णांनी माझी यादी हातात घेतली. ती मी मासिकं वाचून केली होती. त्यांनी तिच्यातलं जवळजवळ सगळं खोडलं. काचेची पेटी खोडली, रंगीत दिवे खोडले. "लग्नाची लायटिंग आहे का? काचेतून वारा जातो का?" त्याऐवजी जाळीची साधी पेटी, हाताच्या पंजाएवढा पंखा, आणि वजनात उतरलेला सप्लाय. माझ्या घरी येऊन त्यांनी अर्थिंग दिवा लावून तपासलं. दिवा मंद लागला, तेव्हा मला अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालायला लावला. पत्र्याखालच्या दुकानात आठ दिवस भर दुपारी मशीन पळवलं आणि दिवाळीनंतर आणून दिलं.

देताना त्यांनी प्रोसेसरचा वेग कंपनीने ठरवलेल्यापेक्षा वाढवून दिला. "ह्याच्यात दम आहे. कंपनीनं झाकून ठेवलाय," असं खालच्या आवाजात म्हणाले. तो वाढवलेला वेग एका चिठ्ठीवर लिहून त्यांनी ती प्रोसेसरच्या रिकाम्या खोक्यावर चिकटवली. पेटीच्या प्रत्येक स्क्रूवर नखांना लावायच्या लाल रंगाचा ठिपका दिला. कुणी उघडली तर ठिपका फुटणार होता.

त्यानंतर दर होळीला आणि दर दिवाळीनंतर अण्णा न बोलावता यायचे. आले की मला चहा करायला आत पाठवायचे, संगणकासमोर पाठ करून बसायचे, दोन मिनिटं काहीतरी करायचे. आत जाताना पडद्यावर एक निळं पान ओझरतं दिसायचं, मी कप घेऊन आलो की ते गेलेलं असायचं. काय केलं विचारलं तर म्हणायचे, "दाखवलं की लोक हात घालतात. तुम्ही पुस्तकं बघा." चहाचे पैसे देऊ का, असं विचारून हसायचे आणि जायचे. मला ते विचित्र वाटायचं, पण मशीन चालत होतं.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात माझा मेहुणा सतीश पुण्याहून आला. तो संगणकाच्याच नोकरीत आहे. त्याने सहज वेग पाहिला, खोक्यावरची चिठ्ठी पाहिली, आणि विचारलं की ह्या मशीनला तुमच्याशिवाय कोण हात लावतं. पडद्यावरचा वेग चिठ्ठीपेक्षा बराच कमी होता. प्रोसेसर बदलून नेलेला दिसतोय, असं तो जेवताना म्हणाला. तो परत गेला, पण ते वाक्य माझ्या घरात राहिलं. पाठ करून बसणं, चहाला पाठवणं, निळं पान, सगळं मला नव्याने दिसू लागलं. ठिपके शाबूत होते. पण ठिपक्याची बाटली त्यांच्याकडेच होती.

मी अण्णांना बोलावलं आणि विचारलं. मोठ्या आवाजात नाही, पण विचारलं. त्यांनी पेटी उघडली, पंखा काढला, प्रोसेसरवरचं उष्णता ओढून घेणारं मलम फडक्याने पुसलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. प्रोसेसरवर कोरलेला क्रमांक आणि मी जपून ठेवलेल्या खोक्यावरचा क्रमांक मी एकेक अंक करून ताडून पाहिला. जुळत होता.

"बराबर?" अण्णांनी विचारलं.

मी हो म्हणालो. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

मी तिथे थांबायला हवं होतं. पण मी म्हणालो, मग वेग कमी का? अण्णांनी मशीन परत जोडलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला चहाला न पाठवता निळं पान उघडलं. दोन-चार कळा दाबल्या. "घ्या तुमचा वेग. संशय हा माझा धंदा आहे, सर. तुम्ही कशाला करून राह्यले?" पेटी बंद करून, ठिपके देऊन ते गेले.

चार दिवसांनी, दुपारी, पानं आत घेत असताना मशीन खटकन बंद पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. एका पुस्तकाची, आत घेतलेली पण अजून न साठवलेली, जवळपास ऐंशी पानं गेली. ती पानं उलटतानाच तुटली होती. मी त्या चुऱ्याकडे पाहत बसलो आणि माझ्या मनात आलं की अण्णांनी सूड घेतला. आपल्यावाचून माझं चालू नये म्हणूनच ते इतकी वर्षं आत काहीतरी करून ठेवत होते, असंही वाटलं. मी त्यांना फोन केला नाही. पहाटे मशीन पडत नाही एवढं दिसलं, म्हणून फक्त पहाटेच्या गारव्यात काम करू लागलो. दिवाळी गेली, ते आले नाहीत. मी त्याचाही अर्थ माझ्या बाजूने लावला. होळीही गेली.

होळीनंतर आठवड्याने कळलं की अण्णा छातीत दुखून गेले. मी आष्टीला गेलो. ओसरीवर माणसं होती. अण्णांच्या पत्नी, वहिनी, मला प्रथमच पाहत होत्या. नाव सांगितल्यावर म्हणाल्या, "म्हणजे पुस्तकवाले सर? तुमचं उतरवायचं राह्यलं म्हणत होते."

मी विचारलं, काय उतरवायचं?

"मला काय कळतंय? होळीला उतरवायचं, दिवाळीला चढवायचं, एवढंच माहीत. तुमच्याकडं रागात चढवून आल्ते ना भर उन्हाळ्यात. ते मनाला लागलं त्यांच्या. दोनदा तुमच्या गल्लीपर्यंत जाऊन आले. मी म्हणलं, मंग जा की आत. तर म्हणले, सरांना वाटंल आता काय काढून न्यायला आला."

मला बसवलं गेलं, पाणी दिलं गेलं. मी ते प्यालो.

घरी येऊन मशीन लावताना, सुरुवातीलाच, पडद्याच्या तळाशी येणाऱ्या ओळीत सांगितलेली कळ दाबली. निळं पान उघडलं. ते कुणालाही उघडता येतं. इतकी वर्षं मी पडद्यावरची ती ओळ वाचलीही नव्हती. आत शोधता शोधता वेगाच्या साठवलेल्या मांडण्यांची यादी सापडली. इंग्रजी अक्षरांत तीन नावं होती: हिवाळा, पावसाळा, उन्हाळा. त्यातली 'हिवाळा' ही मांडणी चालू होती. बाहेर मार्चचं ऊन पत्र्यावर तापत होतं. मी 'उन्हाळा' निवडला. मशीन पुन्हा सुरू झालं, उतरवलेल्या वेगाने, थोडं सावकाश; ते कमी तापलं आणि पंख्याची घरघर कमी झाली. त्या दुपारी ते एकदाही बंद पडलं नाही.

गेलेली ऐंशी पानं गेलीच. बाकीची पुस्तकं होत आली आहेत.

यंदा होळीच्या दुसऱ्या दिवशी आष्टीहून फोन आला. वहिनी होत्या. इकडचं-तिकडचं काही न बोलता त्यांनी विचारलं, "सर, उतरवलं का?"

उतरवलं म्हणालो.

"बराबर?"

"बराबर, वहिनी."

मी फोन कानाला तसाच धरून ठेवला.

"बिलकुल बराबर?"