काच खाली, मॅडम!

आमच्या लॅबमधला धूर पाइपातून थेट गच्चीवर जातो. किस्से मात्र खालीच साचतात!

बाळंतपणाच्या रजेवरून परतले तेव्हा बाळ सात महिन्यांचं होतं. माझं निम्मं डोकं मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये बाळापाशी, उरलेलं निम्मं फ्यूम हूडमध्ये. (खरं तर हूडमध्ये डोकं घालायचंच नाही, हा पहिला नियम.) हूड म्हणजे विषारी वाफा ओढून घेणारं कपाट. पुढे सरकती काच. ती खाली ठेवायची, हात आत, तोंड काचेबाहेर. पण रोज मेट्रोतून यमुना ओलांडताना एकच विचार : मला काही झालं तर त्याचं काय?

आमचे लॅब अटेंडंट रामफलजी सोनीपतचे. माझी काच जरा वर दिसली की दारातूनच ओरडायचे, "मैडम, घूँघट नीचे!"

लग्नात न घेतलेला घुंघट मी असा सरकारी नोकरीत घेतला.

*

नवा हूड घ्यायचा होता. सेल्समन काचेचे प्रकार समजावत होता : वर-खाली जाणारी, आडवी सरकणारी, दोन्ही करणारी. आमचे हेड खन्नासर कपड्यांचं कपाट घ्यायला आल्यासारखे म्हणाले, "सबसे ज़्यादा कौन-सी खुलती है?"

मी घाबरत म्हटलं, "सर, कम खुले तो अच्छा."

"तो दीवार ले लेते हैं!"

शेवटी दोन्हीकडे सरकणारी घेतली. कमिटीत दोन मतं होती, काचेला दोन्ही दिशा मिळाल्या.

*

काच किती वर न्यायची, ते सांगणारा लाल बाण हूडच्या कडेला चिकटवलेला होता. उंच खन्नासरांना वाकून पाठदुखी व्हायची. ते रोज बाणाच्या वर काच न्यायचे आणि मी रोज बाणाकडे बघायचे. बोलायची हिंमत नाही, न बघायचीही नाही.

एका सोमवारी बघते तर बाणच वीतभर वर!

"अब ठीक है ना?" सर म्हणाले. "सब नियम के अंदर."

*

जूनमध्ये एसी बंद पडला. रामफलजींनी मायेनं माझ्या पाठीशी कूलर आणून लावला. "छोटे बच्चे की माँ हो, पसीना ठीक नहीं."

हवा आत ओढली जातेय ना, हे कळावं म्हणून काचेच्या खालच्या कडेला टिश्यूची पट्टी लावलेली असते. ती आत झुकायला हवी. कूलर सुरू झाला आणि पट्टी फडफडत माझ्या दिशेनं वळली.

"रामफलजी, बंद करो! धुआँ मेरी तरफ़ आ रहा है!"

"पर मैडम, ठंडा तो आ रहा है ना?"

*

घरीही तेच. फोडणी घालताना मी हातभर लांब उभी.

नवरा म्हणाला, "अगं, जिरं आहे ते. नायट्रिक ॲसिड नाही!"

सासूबाई बाळाला थोपटत म्हणाल्या, "असू दे रे. लॅबमध्येही अशीच जपून वागत असेल, म्हणजे मला घोर नाही."

मी फोडणीत लक्ष घातलं.

*

आणि मग तो गुरुवार. ॲसिडमध्ये नमुना तापत होता, मी समोर उभी होते. फ्लास्क फुटला. आवाज एवढा, की खन्नासर हातात चहाचा कप घेऊनच धावत आले. काच खाली होती. तिच्या आतल्या बाजूनं पिवळसर ओघळ उतरत होते, बरोब्बर माझ्या तोंडाच्या उंचीवर. मला ओरखडाही नाही. रामफलजींनी स्टूल सरकवलं.

थोड्या वेळानं सर अपघाताचा फॉर्म घेऊन आले आणि भरू लागले. नुकसान : एक फ्लास्क. जखमी : कोणी नाही. पुढचा रकाना होता, 'बचावलेल्या व्यक्तींची नावे'. तिथं त्यांनी माझं नाव लिहिलं. पेन थांबलं.

"बेटे का नाम क्या रखा है?"

"ईशान."

त्यांनी माझ्या नावाखाली लिहिलं, 'ईशान'.

"सर, तो तर घरी होता," मी मराठीतच म्हटलं.

"पता है," सर म्हणाले. "साइन कीजिए."