रिपोर्टचं फोल्डर

शनिवारी सकाळी दहाची चाचणी पहिल्याच मिनिटाला बंद पडली. परत चालवली, परत तेच. स्क्रीनवर एकच ओळ: परमिशन डिनाइड. रिपोर्टच्या फोल्डरमध्ये लिहायला परवानगी नाही.

लातूरच्या एका कोचिंग क्लासची ऑनलाइन सराव परीक्षा रविवारी होती. सगळी मुलं एकदम लॉगिन झाली तर आमची साइट टिकेल का, हे बघायला आम्ही रोज सकाळी खोटे विद्यार्थी आपोआप आत सोडायचो. सर्व्हर नांदेडचे एक काका सांभाळायचे. त्यांना मी पाहिलेलं नव्हतं, फक्त आवाज ओळखीचा. आमच्या ऑफिसच्या सरांनी त्यांना फोन लावून स्पीकरवर घेतलं.

"काल काय बदललं तुम्ही?"

"म्या? हात बी लावला न्हाई सर."

"मग परवानगी काय चालत गेली?"

"आता कसं सांगू वो. काल दिवसभर धर्माबादला व्हतो, मेव्हण्याकडं."

"म्हणजे सर्व्हर वाऱ्यावर! सोमवारी पासवर्ड द्या माझ्याकडं. मी पुण्याचा माणूस बघतो."



तोपर्यंत मी फोल्डरची माहिती उघडली होती. मालकाच्या रकान्यात 'रूट', म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं. वेळ शुक्रवार दुपारची, चारला दहा कमी. तेव्हा ऑफिसात मी एकटीच होते. चाचणी हातानं चालवताना काहीतरी अडलं आणि कंटाळून मी आज्ञेच्या आधी 'सुडो' जोडलं, म्हणजे ती रूटच्या अधिकारानं चालवली. काम झालं, मी चहाला गेले. पण त्यात जुनं फोल्डर पुसलं जाऊन नवं रूटच्या नावावर तयार झालं, आणि सकाळच्या चाचणीच्या साध्या खात्याला तिथं मज्जाव.

दुरुस्तीला एक ओळ पुरेशी होती. मालक बदलला असता तर कुणाला काही कळलं नसतं. ओळ टाइप करून मी एंटरवर बोट ठेवून बसले. टेबलाखाली पाय हलत होता; तो थांबवला की दुसरा हलायला लागायचा. शाळेतही उत्तर येत असलं तरी हात वर करू की नको यातच माझा तास संपायचा.

"सर, ते मी केलं."

मी इतकं हळू म्हणाले की सरांनी मानही वर केली नाही. मग परत म्हणाले, या वेळी नको इतकं मोठ्यांदा.

"काय केलं?"

"काल सुडोनं चालवलं. काकांनी काही नाही केलं."

फोनमध्ये खोकल्याचा आवाज आला. "मग करून टाका की नीट, मॅडम. माझी आंघोळ राहिलीय."

मी एंटर दाबलं. चाचणी सुरू झाली. सर काकांना सॉरी म्हणाले नाहीत, पण पासवर्डचा विषयही पुन्हा काढला नाही. एवढंच म्हणाले, "आधी हिचा सुडो काढा."

"काढतो."

आता सर्व्हरवर काहीही बसवायचं असलं की मला नांदेडला फोन करावा लागतो. करण्याआधी मी वाक्यं कागदावर लिहून घेते. काका विचारतात, "काय करायलात मॅडम?" आणि मी लिहिलेलं वाचून दाखवते.