काकांनी माझं नाव सांगितलं नाही

माझ्या एका पोस्टमुळे एका गावाने देवराव काकांशी बोलणं सोडलं.

हे मला आज दुपारी कळलं. हिवरखेडला त्यांना स्मशानात पोचवून आल्यावर.

काका रेल्वेत गँगमन होते, रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीत. अकोल्याहून खंडव्याकडे जाणारी छोटी गाडी तेव्हा चालू होती. मी घाट बघायला म्हणून एकटीच निघाले होते, आणि ते सुट्टीवर, समोरच्या बाकावर.

"ओ मॅडम, मुंडकं आत घ्या. बोगदा काही तुमच्या बापाचा नाही."

ही आमची ओळख.

धुळघाटाजवळ गाडी गोल फिरून आपल्याच रुळांना ओलांडायची. ते त्यांनी मला इतक्या अभिमानाने दाखवलं, जणू ते वळण त्यांनीच घातलं होतं.

पुढे मॅडमची पोरी झाले.

मग लाइन बंद झाली. आम्ही जीपने जायला लागलो. काका ड्रायव्हरशेजारी बसून सागाच्या झाडांमागे बोट दाखवायचे. "ते पाह्य, आपलं स्टेशन. आता तिथं माकडं उतरतात."

मी अमरावतीला परत येऊन लिहायचे. तुम्ही सगळे वाचायचात. "ताई, किती सुंदर" म्हणायचात.

चार वर्षांपूर्वी काकांनी मला नदीपलीकडे नेलं. जीप अलीकडे ठेवून, चपला हातात घेऊन, गुडघाभर पाण्यातून.

पलीकडे मोतीलालचं गाव. मोतीलाल म्हणजे त्यांच्या गँगमधला कोरकू जोडीदार. दोघांनी अर्धं आयुष्य एकाच रुळावर घाम गाळला. तो वारला होता.

कोरकू लोक गेलेल्या माणसासाठी सागाची कोरीव फळी झाडाखाली उभी करतात. वर सूर्य, चंद्र. खाली घोड्यावर बसलेला माणूस.

काकांनी बिडी पेटवली आणि फळीपुढे ठेवली.

"घे बे मोत्या. पाहुनी आनली तुह्यासाठी."

मी फोटो काढला. काका म्हणाले, "काढ. पन फेसबुकवर टाकू नको, पोरी. हे पाह्याचं ठिकान नाही. मानूस बसला हाये इथं."

मी हो म्हणाले.

आणि आठ दिवसांनी टाकला. फोटो फार चांगला आला होता. एवढंच कारण आहे, दुसरं शोधूनही सापडत नाही.

कमेंटमध्ये कुणीतरी विचारलं, "एक्झॅक्ट कुठे?"

मी लोकेशन दिलं.

दोन महिन्यांनी काकांचा फोन आला. फळी कुणीतरी उपटून नेली होती. शहरात अशा वस्तू दिवाणखान्यात लावतात म्हणे.

"ते पोस्ट काढून टाक," इतकंच बोलले.

मी काढली. विचारलं, "काका, तिकडे काय म्हणाले?"

"मी पाहून घेतो. तू जेवली का?"

त्यानंतर मी पुन्हा कधी विचारलं नाही. उत्तर नकोच होतं मला.

आज सगळे पांगल्यावर त्यांची सून वर्षा चहा घेऊन आली.

"बाबांनी तुमाले सांगतलं नाही का, ताई? मोतीकाकाच्या बायकोनं इचारलं, भाऊ, कोनाले आनलं होतं तुमी? बाबा म्हने, कोनालेच नाही. माह्याच तोंडून बजारात निंगालं."

"मग?"

"मग काय. ती म्हने, आता येऊ नका. गावानंही बोलनं सोडलं. बाबा तरी दरसाली जात. नदीच्या अलीकडंच बसत, बिडी वढत, अन् वापस येत. मी म्हनलं, काहून जाता? तर म्हने, पाय मोकळे करून येतो."



दर वर्षी मी त्यांना दिवाळीला फोन करायचे. ते दर वेळी विचारायचे, "काय लिहून राहिली सध्या?"

म्हणून आज हे इथे लिहिते आहे, जिथे तो फोटो टाकला होता तिथेच. फळी काकांमुळे गेली नाही. माझ्यामुळे गेली.

ज्यांनी ती पोस्ट तेव्हा शेअर केली, त्यांच्याकडे फोटो अजून असेल तर कृपया काढून टाका.

त्या गावात काका गेल्याची बातमी अजून पोचलेली नाही. वर्षाच्या घरच्यांना जायचा धीर होत नाही.

रविवारी मी जाते आहे. मोतीलालच्या बायकोला आधी माझं नाव सांगेन, मग काका गेल्याचं. ती दार लावून घेईल कदाचित. लावू दे.

देवराव काका, माझा शेवटचा नमस्कार. तुमची माफी आज मागत नाही. ती आधी तिकडे मागायची आहे.