मामांचं ॲव्हरेज

गिरणीवाले मामा कुणाच्याही गाडीजवळ उभे राहिले की मालकाची खुशाली विचारण्याआधी विचारत, "ॲव्हरेज काय देते?" लिटरमागे गाडी किती पळते, तेवढंच त्यांना हवं असे. दारव्ह्याच्या बाजारात, लग्नात, एकदा तर मयतीलासुद्धा. लोक हसत. त्यांना तो मामांचा छंद वाटे. छंद नव्हता तो.

मामीच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा यवतमाळला डायलिसिस. मशीनवरचा नंबर सकाळचा, आणि आमच्या गावाहून त्या वेळी एसटी नाही. जीप मिळे, पण तीत माणसं कोंबलेली. मामीचा जीव घाबरा होई. मग मामांनी एक जुनी, कार्बोरेटरची पेट्रोल गाडी घेतली. गाडी स्वस्तात मिळाली, पण भयंकर पेट्रोल प्यायची. त्यापायी आधी म्हैस गेली, मग मामीच्या पाटल्या. पदरी मूलबाळ नव्हतं. मी त्यांची भाची, गावातच राहून यवतमाळच्या शाळेत शिकवत होते. डायलिसिसच्या दिवशी मी त्यांच्याच गाडीत मागे बसून जाई, मामीला उतरवून घ्यायला हाताशी कुणीतरी असावं म्हणून.

"वजन म्हंजे पेट्रोल," मामा म्हणत. त्यांनी टपावरचं कॅरिअर काढलं, स्टेपनी घरी ठेवली, एसीचं सगळं सामान उतरवलं. एकदा मामीची पिशवी हातात तोलून पाहिली आणि गुपचूप परत ठेवली. मामी म्हणाली, "मलेच उतरवून द्या ना मंग. सगळ्यात जड त मीच हाव." मामा हसले नाहीत. मान फिरवून काच पुसत राहिले.

एवढ्यानं फारसं भागलं नाही, तेव्हा ते इंजिनाच्या मागे लागले. बसस्टँडमागे रफिकभाईंचं गॅरेज होतं. कार्बोरेटरमधला जेट, म्हणजे ज्या बारीक भोकातून पेट्रोल इंजिनात जातं तो पितळी तुकडा, मामांना होता त्याहून बारीक भोकाचा हवा होता. रफिकभाई तयार नव्हते.

"मामा, हवा न पेट्रोल बराबर लागते. पेट्रोल कमी देलं त इंजिन तापन. जलून जाईन."

"थोडं तापू दे. माह्यं घर जळून राह्यलं, ते नाही दिसत तुले?"

रफिकभाईंनी मग पाना उचलला.

पहिले काही दिवस गाडी खरंच कमी पेट्रोलमध्ये धावली. मामांचा चेहरा मी इतक्या महिन्यांत तसा खुललेला पाहिला नव्हता. पण चढावर इंजिनातून टकटक आवाज यायचा. मामा पुढं वाकून तो ऐकायचे, कपाळाला घाम. मामीला गाडीत बसलं की बोलायची फार सवय. मामा हात वर करून म्हणत, "जरा चूप राय वं. आवाज आइकू दे." ती गप्प बसे. थोड्या वेळानं पुन्हा हळूच सुरू करी, बहुतेक माझ्याकडे वळून.

वैशाखात, यवतमाळच्या अलीकडच्या चढावर बॉनेटमधून वाफ उसळली आणि गाडी थांबली ती थांबलीच. आजूबाजूला सावली नव्हती. मामांनी उघड्या हातानं रेडिएटरचं झाकण पिळायला घेतलं आणि हात भाजून घेतला. मामीचे पाय सुजलेले, तिला धाप लागलेली. मामा रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, हात जोडून. एक ट्रक निघून गेला. मग दुसरा. मामा रडत होते आणि तसेच हात जोडून उभे होते. शेवटी सरकी नेणारा एक मेटॅडोर थांबला. ड्रायव्हरनं मामीला पुढं बसवलं. आम्ही पोचलो तेव्हा तिचा नंबर निघून गेला होता. नर्सबाईंनी सगळ्यांच्या शेवटी तिला मशीनवर घेतलं.

रफिकभाईंनी इंजिन पुन्हा उघडलं, जुना जेट परत बसवला. "मामा, आता हिच्याशी खेळू नोका," एवढंच ते म्हणाले. गाडी पूर्वीसारखी पेट्रोल पिऊ लागली. मामांनी पिठाच्या गिरणीची विजेची मोटार विकली आणि फेऱ्या चालू ठेवल्या. गावातली गिरणी बंद पडली.

पोळ्याच्या सुमारास मामी गेली. दवाखान्यातच, मामा खाली औषध आणायला गेले असताना.

तेरावं झाल्यावर मी त्यांना भेटायला गेले. मामा ओसरीवर बसले होते.

"तू मांगंच बसत होती ना," ते एकदम म्हणाले. "सारा रस्ता तुही मामी काही ना काही सांगत राहे. मी निरा इंजिनच आइकत राह्यलो. काय सांगत होती वं ते?"

मला आठवलं तेवढं मी सांगू लागले. वाटेवरच्या एका घरासमोरचा मोगरा तिला आवडायचा. लग्नानंतर पहिल्यांदा पुसदला जाताना मामांनी तिला खिडकीची जागा दिली होती, ते ती सांगायची. घरी गेल्यावर आंबाडीची भाजी करायची आहे, म्हणायची. खायची तिला बंदी होती, पण मामांना आवडते म्हणून.

मामा मान खाली घालून ऐकत होते. मी थांबले.

"आखीन?" ते म्हणाले.